देवघर कोठे मांडणार?

नागपूरहून आमच्याकडे एक पत्र आले आहे. ते पती-पत्नी दोघांनी मिळून लिहिले आहे. परंतु दोघांचे म्हणणे एक नाही, आणि एक नाही म्हणूनच ते आमच्याकडे आले. असली पत्रे आम्हांस नवीन नाहीत. तथापि या पत्रातील प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरात आज ना उद्या उभा राहणार आहे, म्हणून त्याचे उत्तर खासगी टपालाने न देता आम्ही या स्तंभात देत आहोत.

कुटुंब चौघांचे आहे. तीन वर्षांमागे अशोक विजयादशमीस दीक्षाभूमीवर त्यांनी धम्मदीक्षा घेतली. पती एका कचेरीत कारकून, पत्नी परिचारिका, मुलगा बारावीत, मुलगी सहावीत. आजवरचे राहणे उत्तर नागपुरातील एका दाट वस्तीत, दोन खोल्यांत. पत्नीस महिन्यातून दहा-बारा रात्री पाळी असते. तिला दिवसा झोप हवी. आणि दिवसा वस्तीत तर लाऊडस्पीकरपासून नळावरच्या भांडणापर्यंत सर्व काही जागे असते. म्हणून त्यांनी शहराच्या दक्षिण कडेला घर शोधले. तेथे कालपरवापर्यंत शेते होती; आता ले-आऊट पडून डुप्लेक्स उभे राहिले आहेत. खालचा मजला, दोन झोपण्याच्या खोल्या, दारात कडुलिंब, रस्ता पुढे बंद होणारा म्हणून गाड्यांची ये-जा नाही, शेजारी बहुतेक सेवानिवृत्त मंडळी. भाडे दोघांच्या पगारात बसणारे. मालकांनी चहा दिला, दोन हजार रुपये टोकन म्हणून घेतले. निघताना मालकीणबाईंनी सहज विचारले, "देवघर कुठे मांडणार? आधीच्या लोकांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडलं होतं." पत्नीने सांगितले, आमच्याकडे भगवान बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, ती बैठकीच्या खोलीत ठेवू. "हो का," एवढेच बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दलालाने टोकन परत आणून दिले. मालकांचा पुतण्या बदलून येणार, घर त्याला हवे आहे. या गोष्टीस दोन महिने झाले. पुतण्या आलेला नाही. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र फाटकावर तशीच आहे.

पतीचे म्हणणे असे की, "ईशान्येला मांडू" असे दोन शब्द बोलली असती तर काय बिघडले असते? एकदा आत गेलो की आपल्या भिंतीवर काय लावायचे ते आपण ठरवू. पत्नीचे म्हणणे असे की, पंचशीलातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे आणि ते घेऊन अवघी तीन वर्षे झाली आहेत. दर आठवड्यास विहारात जे म्हणतो ते फाटकाशी येताच गिळावे काय? दोघांनी आम्हांस विचारले आहे, चूक कोणाची?

आमचे पहिले उत्तर असे की, चूक दोघांचीही नाही. ज्याने घर नाकारले त्याची आहे. हे सांगण्याची गरज पडावी हेच दुःखद आहे. परंतु नकार मिळालेले कुटुंब रात्री घरी आल्यावर घरमालकाशी भांडत नाही, आपसांत भांडते, असा आमचा अनुभव आहे. तू हे का बोललास, तू ते का लपवले नाहीस. ज्याने दार लावले तो निवांत झोपतो.

पतीविषयी कोणी कठोर बोलू नये, म्हणून येथे एका गोष्टीचे स्मरण देतो. १९१७ साली, अमेरिका व इंग्लंडमधील शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव धारण करून ते उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक चालून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास त्यांनी बजावले. एका हिंदू स्नेह्याने नोकर निघून जातील ही अडचण सांगितली. एका ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीस विचारल्यावाचून काही सांगता येत नाही म्हणून वेळ मारून नेली. कामाठी बागेत बसून त्यांनी तो वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हा वृत्तांत दुसऱ्या कोणी उजेडात आणलेला नाही. त्यांनी स्वतःच तो लिहून ठेवला आहे, घेतलेल्या नावासकट. निवाऱ्यावाचून माणूस काय करतो हे ज्या महापुरुषाने स्वतः भोगले, त्याच्या अनुयायांनी आडनाव गिळणाऱ्या गरजूकडे तुच्छतेने पाहावे, हे शोभणारे नाही.

परंतु त्याच वृत्तांतातून दुसरीही एक गोष्ट निघते, आणि तिच्यासाठी आम्ही पत्नीच्या बाजूस उभे राहतो. उसन्या नावाने मिळालेला निवारा अकरा दिवस टिकला. तो एकट्या तरुणाचा निवारा होता. आमच्या पत्रलेखकांस दोन मुले आहेत. ईशान्येच्या देवघरावर घेतलेल्या घरात मूर्ती कपाटात राहील, तसबीर पलंगाखाली जाईल, सहावीतल्या मुलीला शेजारच्या मुलींशी काय बोलावे व काय बोलू नये याची शिकवणी द्यावी लागेल; १४ एप्रिलला सगळे कुटुंब एकेक करून, जणू बाजारात निघाल्याप्रमाणे, घराबाहेर पडेल. अकरा महिने असे काढल्यावर त्या मुलीच्या मनात धर्मांतराचा अर्थ काय उरेल? आपण काही तरी लपविण्यासारखे केले आहे, हाच ना? शांत वस्ती हवी ती आईच्या झोपेसाठी. अशा घरात आईला झोप येईल असे आम्हांस वाटत नाही.

येथे असत्य आणि मौन यांतील फरक आमच्या नवदीक्षित बंधुभगिनींनी नीट समजून घ्यावा. खोटे बोलू नये म्हणजे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे असे नव्हे. घरात माणसे किती, नोकरी कोठे, भाडे कोणत्या तारखेस मिळेल, आधी कोठे राहत होता, हे विचारण्याचा घरमालकास अधिकार आहे. पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यावयाची असते, त्यासाठी ओळखीचे कागद मागण्याचाही आहे. जात विचारण्याचा नाही. "मूळ गाव कोणते", "आडनाव पूर्ण सांगा", "नॉनव्हेज चालतं का" या वाटांनी तोच प्रश्न येतो, हे लहान मूलही जाणते. "आम्ही घर स्वच्छ ठेवतो आणि भाडे वेळेवर देतो" हे त्याचे पुरेसे उत्तर आहे. ते सत्यही आहे. पत्नीने याहून अधिक सांगितले, ते आपल्या आनंदाने सांगितले. त्याबद्दल तिने खंत बाळगू नये.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव सर्वांस खुले केले. त्या यादीत खासगी मालकाचे भाड्याचे घर नाही. गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेस आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा मान्य केली. या निकालाचा आधार घेऊन पुष्कळ लोक असे समजतात की, घर माझे, मी कोणासही नाकारीन. ही समजूत अर्धवट आहे. १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तो अनुच्छेद खासगी माणसावरही बंधनकारक आहे. त्याच्या अंमलासाठी १९५५ साली झालेला कायदा, ज्याला १९७६च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या ४थ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे वा त्यात राहणे यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे हा गुन्हा सांगितला आहे. शिक्षा एक ते सहा महिन्यांचा कारावास आणि दंड. १२वे कलम त्याहून महत्त्वाचे: ज्याच्याविरुद्ध असे कृत्य घडले तो अनुसूचित जातीचा असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे.

येथे कोणी विचारील, आम्ही तर बौद्ध झालो, आम्हांस हे लागू कसे? १९५६ नंतर चौतीस वर्षे हीच अडचण होती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांस स्थान नव्हते; ते १९९० साली मिळाले. तेव्हा अनुसूचित जातींच्या यादीतील जातीतून आलेल्या बौद्धाने आपला दाखला नीट करून घरात ठेवावा. घरमालकास दाखविण्यासाठी तो नाही, ठाण्यात व न्यायालयात दाखविण्यासाठी आहे.

कायदा आहे, परंतु पुतण्याची सबब त्याहून चपळ आहे. शपथेवर उभा राहून "जातीमुळे नाकारले" असे कोण म्हणेल? म्हणून पुरावा हातात ठेवावा. टोकन रोख देऊ नये. बँकेतून द्यावे, त्याची नोंद राहते. दलालाचे निरोप पुसून टाकू नयेत. पाटी तशीच लटकत असेल तर तारखेसह तिचे छायाचित्र घ्यावे. एखाद्या वेगळ्या आडनावाच्या मित्राने त्याच घराची चौकशी केली आणि त्याला ते मिळू लागले, तर तेही लिहून ठेवावे. विद्वानांनी याच रीतीने तपास केला आहे. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत घर शोधणाऱ्यांची नावे बदलून चौकशी करविली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे दूरध्वनीवर उच्चवर्णीय नावाच्या एकासही नकार मिळाला नाही. दलित नावांच्या १८ टक्के लोकांस आणि मुसलमान नावांच्या ३१ टक्के लोकांस मिळाला. हा केवळ दूरध्वनीवरचा आकडा आहे. देवघराचा प्रश्न त्यानंतर, चहाच्या कपाबरोबर येतो.

२०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी स्त्रीस मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळून उठला. खवळलाच पाहिजे होता. आमचे एवढेच विचारणे आहे की, नागपूरच्या त्या फाटकावरून परतलेली परिचारिका मराठी नव्हती काय? ती तर मराठीतच बोलली होती आणि नकारही तिला शुद्ध मराठीत मिळाला.

गावकुसाबाहेर आमची घरे कोणी व का बसविली, हे सर्वांस ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर जे कठोर प्रहार केले, त्यामागे तोच अनुभव होता. आज शहराची कड महाग झाली आहे, झाडांची झाली आहे, आणि तेथे जावयास आम्हांस परवानगी लागते!

एक गोष्ट मात्र आम्ही आपल्याच माणसांस सुनावणार आहोत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नोकरीवर्गातील अनेक बौद्ध कुटुंबांनी घरे बांधली. वरचा मजला भाड्याने देण्याइतकी ऐपत आली. त्यांतील काही घरांत मातंग, चर्मकार वा मुसलमान भाडेकरूस कोणते उत्तर मिळते, ते आम्ही ऐकलेले आहे. कोणी तर नवदीक्षितास "तुम्ही कोणत्या समाजातून आलात?" असे विचारून मग खोली रिकामी नाही असे सांगतो. भिंतीवर तथागतांची मूर्ती आणि दारात हा प्रश्न! नागपूरच्या त्या मालकीणबाईंना बोल लावण्याचा अधिकार अशा गृहस्थास नाही, आणि त्याचे नाव बौद्ध असले तरी त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

ज्यांस घर मिळते त्यांनीही कागदाविषयी गाफील राहू नये. वस्तीत शब्दावर खोल्या मिळत आल्या, म्हणून आमची मंडळी करारास कंटाळतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. परंतु मुदत संपल्यावर घर अडवून बसू नये. लायसन्सच्या करारात त्या दिवसापासून दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालक पाणी किंवा वीज तोडून माणूस बाहेर काढू लागला तर तोही गुन्हा आहे. सदनिका असेल आणि संस्थेचे पदाधिकारी "कमिटीची परवानगी नाही" म्हणत असतील, तर आदर्श उपविधी मागवून वाचावेत: सभासदाने सदनिका भाड्याने देताना संस्थेस कळवावयाचे असते, तिची पूर्वसंमती लागत नाही.

त्या दांपत्यास आम्ही असे कळविले आहे की, टोकन बँकेतून गेले होते का, दलालाचे निरोप आहेत का, ते पाहावे. असतील तर एखाद्या वकिलाकडून मालकास एक साधी नोटीस द्यावी. तक्रार करावयाची की नाही हे त्यांनी ठरवावे. ज्याच्या घरी बारावीचा मुलगा आहे त्याला आम्ही दुरून लढ्याचे हुकूम सोडणार नाही. दरम्यान, नागपूरच्या दक्षिण भागात ज्या वाचकांची खोली वा मजला रिकामा असेल त्यांनी कार्यालयास कळवावे. कुटुंब चौघांचे आहे, एका माणसास दिवसा झोपावे लागते, आणि त्यांच्या सध्याच्या खोल्यांची मुदत या महिनाअखेर संपते.