मत्स्यालयातला दिवा कोणासाठी?

एका शाळेत मी नुकतेच एक मत्स्यालय पाहिले. वर मंद निळा दिवा, तळाशी गुलाबी खडे आणि मधोमध प्लॅस्टिकची झुडपे. दिवा रात्रंदिवस चालू. काचांवर मात्र शेवाळाचा हिरवा थर! खऱ्या वनस्पती जगत नाहीत म्हणून प्लॅस्टिकच्या आणल्या, असे तेथील शिक्षकांनी सांगितले.

माझ्या मते चूक वनस्पतींची नव्हती, क्रमाची होती. आपण दिवा मासे छान दिसावेत म्हणून आणतो. माशांना तेवढ्या उजेडाची गरज नसते. गरज असते ती वनस्पतींना. म्हणून आधी वनस्पती ठरवा, मग दिवा.

हरितद्रव्य प्रामुख्याने लाल आणि निळा प्रकाश शोषते. शोभेच्या निळ्या दिव्यात लाल भाग जवळजवळ नसतोच, आणि एकूण प्रकाशही तुटपुंजा. त्यापेक्षा साधा पांढरा एलईडी दिवा घ्यावा. त्याच्या खोक्यावर ६५०० केल्व्हिन असे छापलेले असते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. तिला ९ वॅटचा एक दिवा, वर पांढरे झाकण असेल तर, साध्या वनस्पतींपुरता होतो.

साध्या म्हणजे कोणत्या? हायड्रिला आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया. दोन्ही आपल्याच तळ्यांतल्या. उजेड कमीच असेल तर जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधावे. त्याचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. दुकानदार 'लकी बांबू' देऊ लागला तर घेऊ नका. तो बांबूही नव्हे आणि जलवनस्पतीही नव्हे. पूर्ण बुडवला की सडतो.

आता रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्याविषयी. पाण्यात बुडालेली पाने उजेडातच प्राणवायूचे बुडबुडे सोडतात, हे यान इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये दाखवले. अंधारात वनस्पतीही माशांप्रमाणे प्राणवायू वापरतात. पण म्हणून दिवा चोवीस तास ठेवणे हा उपाय नव्हे. माशांच्या विष्ठेपासून तयार होणारे नायट्रेट घ्यायला वनस्पती नसल्या की ते आयतेच शेवाळाला मिळते, आणि सततच्या उजेडात ते फोफावते. दिवसाला आठ तास पुरेत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. नरसाळे आणि परीक्षानळीचा हायड्रिलाचा प्रयोग तुम्ही वर्गात करताच. खोलीत अंधार करून दिवा २० सेंटिमीटरवर ठेवा आणि मिनिटाचे बुडबुडे मोजा. मग ४० वर ठेवून, पाच मिनिटे थांबून, पुन्हा मोजा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश साधारण चौथाई होतो. बुडबुड्यांचे काय होते ते वहीत लिहा.

एक मात्र पाळा. हायड्रिला वाढली की छाटावी लागते. ती छाट ओढ्यात टाकू नका, परसात मातीत पुरा. १९५० नंतरच्या दशकात मत्स्यालयांसाठी अमेरिकेतील फ्लोरिडात नेलेल्या याच हायड्रिलाने तेथील तळी आणि कालवे तुंबवले. आपल्या नद्यांत पसरलेली जलपर्णी तर दक्षिण अमेरिकेची. तीही फुलांच्या शोभेसाठीच जगभर नेली गेली.