पिशवी टेबलावर रिकामी करा

मागच्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यातली एक आजी नातीचा हात धरून दवाखान्यात आली. सत्तरी ओलांडलेली. "उठलं की चक्कर यायलीय डॉक्टर, डोळ्यापुढं अंधारी यायलीय." बसवून रक्तदाब पाहिला, 136/80. समाधान वाटावं असा आकडा. सवयीनं चक्करची गोळी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात नात म्हणाली, "आजीच्या समद्या गोळ्या आणल्यात, बघता का?" आणि साडीच्या दुकानाची पिशवी तिनं टेबलावर उलटी केली.

11 प्रकारच्या गोळ्या निघाल्या. अॅम्लोडिपिन दोन वेगवेगळ्या नावांनी, त्यातली एक चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र असलेली पट्टी. साखरेसाठी ग्लिमेपिराइड. अॅस्पिरिन. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, ती मेडिकलमधून परस्पर आणलेली. सर्दीची क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, झोप बरी लागते म्हणून रोज रात्री. आजीला उभं केलं, एका मिनिटानं पुन्हा मोजलं. वरचा आकडा 104. तिला नव्या गोळीची गरज नव्हतीच, पिशवीतल्या काही बंद करण्याची होती.

या अंकात वृद्धांच्या आरोग्यावरचे लेख एकत्र घेतले, त्यामागं ही पिशवी आहे. गेल्या सात-आठ वर्षांत या विषयावर जे मोलाचं संशोधन झालं, त्यातलं बरंचसं आपल्या टेबलावर आजच करता येण्यासारखं आहे. सोनपेठ, पालम, मानवतमध्ये दवाखाना चालवणाऱ्या मित्रांना ते माहीत असलं पाहिजे, कारण आपल्या परभणी जिल्ह्यातला म्हातारा माणूस तपासायला आधी त्यांच्याकडंच जातो.

अॅस्पिरिनपासूनच सुरुवात करू. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या 19,114 ज्येष्ठांवरचा 'अॅस्प्री' हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकार नसलेल्या या माणसांना रोज 100 मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिल्यानं ती अपंगत्वाशिवाय जास्त जगली नाहीत. मोठा रक्तस्राव होण्याचं प्रमाण मात्र 38 टक्क्यांनी वाढलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, स्टेंट यातलं काही झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं अॅस्पिरिन चालूच राहील. पण 'वय झालंय, रक्त पातळ राहिलेलं बरं' एवढ्यावर साठीनंतर ती नव्यानं सुरू करण्याला आता आधार उरलेला नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची 'बिअर्स' यादी 2023 मध्ये सुधारली गेली. त्यात हाच सल्ला आहे. ग्लिमेपिराइड-ग्लिबेनक्लामाइडच्या गटाला पहिली पसंती देऊ नका असंही ती यादी सांगते, आणि क्लोरफेनिरामिनसारखी जुनी सर्दीची औषधं टाळायला सांगते, कारण त्यांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं गुंगतं, तोल जातो, लघवी अडते. डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी हे त्रिकूट मूत्रपिंडाला किती जड जातं हे आपण शिकलेलो आहोत. तरी ते एकाच पिशवीत सापडतं, कारण चिठ्ठ्या वेगवेगळ्या जणांच्या, आणि काही गोळ्या तर चिठ्ठीशिवायच आणलेल्या. प्रत्येकानं समोर आलेल्या तक्रारीवर इलाज केला, अख्खी पिशवी कोणी पाहिली नाही.

एवढं वाचून कुणी रक्तदाबाच्या गोळ्या सरसकट कमी करायला निघेल, तर ती मोठी चूक होईल. म्हणून दुसरी बाजूही तितक्याच जोरानं सांगायला हवी. चीनमधल्या 326 खेड्यांत सुमारे 34 हजार लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. रक्तदाब आटोक्यात नसलेली, चाळिशी ओलांडलेली ही माणसं. अर्ध्या गावांमध्ये गावपातळीवरच्या वैद्यकीय कार्यकर्त्यांनी एका साध्या तक्त्यानुसार औषधं सुरू केली, वाढवली आणि रक्तदाब 130/80 च्या खाली आणायचा प्रयत्न केला. हे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, त्यांच्यावर डॉक्टरांची देखरेख होती. औषधं फुकट किंवा स्वस्तात मिळाली, घरी मोजायला यंत्रं दिली. चार वर्षांनंतर त्या गावांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 15 टक्क्यांनी कमी निघालं. स्मृतिभ्रंशावर नवी, महागडी औषधं निघालीत आणि त्यांची चर्चाही खूप होते, पण माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी या दशकातलं सर्वांत महत्त्वाचं संशोधन हे आहे. त्यातली साधनं आपल्या उपकेंद्रातही आहेत: पट्टा, स्वस्त गोळ्या, समुदाय आरोग्य अधिकारी, आणि घराघरांत जाणारी आशाताई.

130/80 चा तो आकडा मात्र परभणीच्या मे महिन्यात जसाच्या तसा लावता येणार नाही. पारा 44 च्या पुढं गेलेला असतो, विहिरी आटलेल्या, म्हातारी माणसं पाणी कमीच पितात, आणि अंगात लघवीची गोळी असते. सोडियम उतरतं, दाब कोसळतो, आणि घरचे सांगतात, 'दोन दिवसांपासून बरळायलेत.' म्हणून माझा आग्रह आहे की साठीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजावा. उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं पडला तर आधी पिशवी तपासावी. उन्हाळ्याच्या तोंडाला, होळीच्या सुमारास, प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाची चिठ्ठी एकदा नव्यानं वाचावी. आणखी एक आपल्याकडची अडचण: दसरा-दिवाळीनंतर घरची कर्ती माणसं ऊसतोडीला जातात, मागं आजी-आजोबा आणि नातवंडं राहतात. महिन्याची गोळी आणायला तालुक्याला कोण जाणार? अशा घरांना तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायला आणि आशाताईंच्या वहीत नाव घालायला काय हरकत आहे?

आता कानांकडं येतो. एका गावातल्या बापूंना त्यांचा मुलगा घेऊन आला. "यांचं डोकं गेलंय, काही कळत नाही, विचारलं एक की सांगतात भलतंच." कानात पाहिलं तर दोन्हीकडं मळाचे खडे. ते काढून झाल्यावर बापूंनी आधी मुलालाच दटावलं, "वरडतो कशाला?" प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं हे मान्य. पण 'लॅन्सेट'च्या आयोगानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली, त्यात ऐकू कमी येणं वरच्या क्रमांकावर आहे, आणि उपचार न केलेली अधू नजर नव्यानं घातली आहे. ही सगळी कारणं दूर झाली तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज. श्रवणयंत्रांवरच्या 'अचीव्ह' या 2023 च्या चाचणीत 977 जण होते. सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना 65 वर्षांवरच्या गरजूंना अशा साधनांसाठी 3,000 रुपये देते, चष्मा आणि श्रवणयंत्र दोन्ही त्यात बसतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण रुग्णाला ती माहीतच नसते. ती माहिती आपल्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून द्यावी.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या 'लासी' सर्वेक्षणाला जोडून झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीवरच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांमध्ये जास्त, खेड्यांत जास्त. तरी आपल्याकडं हे निदान क्वचित होतं. एक कारण असं की आपले प्रश्नच शाळा शिकलेल्यांसाठी बनलेले आहेत. ज्या बाईनं आयुष्यात कॅलेंडर वाचलं नाही तिला तारीख विचारून काय कळणार? 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर ज्येष्ठांसाठी चाचणी तयार झाली, तेव्हा त्यात सकाळ आहे की संध्याकाळ असा प्रश्न घातला गेला. मी विचारतो: गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? पोळा होऊन किती दिवस झाले? यंदा रानात काय पेरलंय? आणि सुनेला वेगळं विचारतो: चहात साखर दोनदा पडते का, ओळखीच्या वाटेवर चुकतात का, पैसे मोजताना गडबडतात का? मागच्या दिवाळीला होत्या तशाच आहेत का, हा प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटतो.

मनाच्या दुखण्याबद्दल गोव्यातलं काम डोळ्यापुढं ठेवावं. तिथं 181 ज्येष्ठ माणसं निवडली. नैराश्याची चाहूल लागलेली, पण आजार अजून न जडलेला. स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी त्यांच्याशी अडचणी सोडवण्याबद्दल, झोपेबद्दल, मधुमेहाबद्दल बोलणं केलं, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत केली. वर्षभरात त्यांच्यातल्या 4.4 टक्क्यांना नैराश्य आलं. नेहमीची सेवा मिळालेल्यांत ते 14.4 टक्के होतं. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झालं. बंद खोलीत एकट्या बसणाऱ्या, 'आता काय राहिलंय' म्हणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना झोपेची गोळी लिहून देताना मला हे आकडे आठवतात, आणि दरवेळी हात आखडतो.

परभणीला 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी गावभेटीत उभ्यानं रक्तदाब मोजण्याची आणि पिशवी पाहण्याची सवय विद्यार्थिदशेतच लावून घेतली, तर दहा वर्षांनी या जिल्ह्यातलं वृद्धांचं वैद्यक वेगळं दिसेल.

वाचकांना एक काम सांगतो. पुढच्या पंधरा दिवसांत साठीवरच्या 20 रुग्णांना 'येताना पिशवी घेऊन या' असं सांगा. किती औषधं निघाली, किती बंद करता आली, कुणाचा दाब उभ्यानं पडला, हे नावं न घालता लिहून पाठवा. स्मरणशक्ती तपासायला तुमच्या भागात कोणते प्रश्न चालतात तेही कळवा. सेलूत जे विचारता येतं ते पूर्णेत चालेलच असं नाही. आलेल्या प्रश्नांतून एक पानाची मराठी चाचणी तयार करून भिंतीवर लावण्याजोग्या आकारात छापण्याचा विचार आहे. त्या आजीच्या पिशवीत आता पाच गोळ्या आहेत. दिवाळीनंतर ती नातीशिवाय, एकटीच एसटीनं आली होती.