फोटोंतील रंगपालट

संगणकावर फोटोंतील एखाद्या वस्तूचा रंग बदलणें ही आतां शाळकरी मुलांचीहि करमणूक झाली आहे. लाल सदऱ्याचा निळा सदरा व्हावयास क्षणभरहि लागत नाहीं. परंतु असा बदललेला फोटो घरांतील एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातीं द्यावा. संगणकाचें नांवहि धड न घेतां येणारें तें माणूस चष्मा वर सारून म्हणतें, "ह्यांत कांहींतरी चिकटवलें आहे." काय चिकटवलें, तें त्यास सांगतां येत नाहीं, पण डोळा फसत नाहीं. बदललेला रंग खोटा कां दिसतो, आणि तो खरा दिसावा म्हणून काय करावें लागतें, ह्याचा आज थोडा विचार करूं.

ज्यांनीं तर्कसंग्रह दीपिकेसह वाचला आहे, त्यांस पाकज रूपाचा वाद आठवत असेल. कच्चा घट काळासर असतो. भट्टींतून भाजून निघाला म्हणजे तांबडा होतो. वैशेषिकांचें म्हणणें असें कीं, अग्नीच्या योगानें घटाचे परमाणु सुटे होतात, त्यांचा रंग पालटतो आणि त्यांपासून नवाच घट उत्पन्न होतो. नैयायिक म्हणतात, घट मुळींच मोडत नाहीं. आहे तसाच राहून त्याचा रंग तेवढा बदलतो. पहिला पीलुपाक, दुसरा पिठरपाक. हा वाद फोटोच्या बाबतींत अगदीं प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. हल्लींच्या फोनवर "साडी हिरवी कर" असें शब्दांनीं सांगितलें कीं यंत्र आज्ञा पाळतें. परंतु तें चित्र मोडून नवें रचीत असतें. साडी हिरवी होते खरी, पण निऱ्या निराळ्या पडतात, पदरावरचे मोर उडून जाऊन तेथें वेली येतात, आणि कधीं कधीं नेसणारीचें नाकहि थोडें सरळ होतें. हा पीलुपाक झाला. १९९० सालीं निघालेला फोटोशॉप किंवा १९९६ पासून फुकट मिळणारा गिम्प ह्यांसारख्या प्रोग्रामांत मनुष्य आपल्या हातानें काम करतो, तेव्हां घट तोच राहूं शकतो. आम्हांस हवा आहे तो हा दुसरा प्रकार.

नवशिका काय करतो? सदऱ्याची कड आंखतो आणि आंत सपाट निळा रंग ओततो. तेथेंच घात होतो. कारण फोटोंतील सदरा हा एक रंग नसतोच. खांद्यावर ऊन, काखेंत अंधार, बाहीवर चुण्या. एकाच लाल कापडाच्या शेंकडों छटा तेथें असतात. प्रत्येक बिंदूचे तीन गुण मानावे: रंगाची जात, रंगाचा भरपणा आणि उजेडाचें प्रमाण. संगणकवाले त्यांस ह्यू, सॅच्युरेशन आणि लुमिनॉसिटी म्हणतात. पहिले दोन बदलावयाचे आणि तिसऱ्यास हात लावावयाचा नाहीं, ही ह्या विद्येची पहिली पायरी. त्यासाठीं मूळ फोटोवर एक नवा थर घालतात, त्यांत हवा तो रंग भरतात आणि त्या थरास 'कलर' ह्या पद्धतीनें खालच्या चित्रांत मिसळण्यास सांगतात. रंग वरचा दिसतो, ऊन-सावली खालची दिसते. वस्तूबाहेर रंग जाऊं नये म्हणून थरावर मास्क म्हणजे मुखवटा चढवितात. मूळ फोटो खालीं जसाच्या तसा राहतो. मन बदललें तर थर काढून टाकावा, झालें.

थरांची ही कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाहीं. रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला आणि १८९९ त लोणावळ्याजवळ मळवलीस आला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरांतील लक्ष्मी-सरस्वती तेथल्याच. तशा छपाईंत प्रत्येक रंगाला निराळा दगड लागे. कागद एकामागून एक त्या सर्व दगडांखालून निघाला म्हणजे चित्र पुरें होई. सरस्वतीच्या काठाचा रंग बदलावयाचा म्हणून एका दगडाची शाई बदलली, तर त्याच दगडावर असलेलें कमळहि बदललेंच! मास्क नव्हता, एवढाच काय तो फरक. पुढें चित्रपटामुळें अजरामर झालेले दादासाहेब फाळके आधीं ह्याच छापखान्यासाठीं काम करीत, आणि रंगीत छपाईच्या यंत्रासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले होते.

असो. पहिली पायरी चढल्यावर दुसरी अडचण उभी राहते. उजेडास हात लावूं नये असें आतांच म्हटलें. पण कित्येकदां तो लावावाच लागतो. मुंजीच्या फोटोंतील यजमानांचा पिवळा पीतांबर निळा करावयाचा आहे असें समजा. (पीतांबराचा नीलांबर कां करावा, हें यजमानांस ठाऊक.) निरनिराळे रंग डोळ्याला सारखेच उजळ भासत नाहींत. शुभ्र पांढऱ्याचें तेज १०० धरलें, तर त्यांत हिरव्याचा वांटा सुमारें ५९, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा अवघा ११, असें गणित पूर्वींपासून रूढ आहे. पडद्यावरचा पिवळा तांबडा आणि हिरवा मिळून होतो. म्हणजे त्याचें तेज ८९, आणि शुद्ध निळ्याचें ११. पिवळ्याचा उजेड तसाच ठेवून नुसती जात बदलली, तर निळा मिळतच नाहीं; धुऊन धुऊन विटलेलें आकाशी मिळतें. तेव्हां 'कर्व्ह्ज' नांवाच्या साधनानें कापड आधीं गडद करावें लागतें, आणि तेंहि अशा बेतानें कीं उन्हाचा भाग पुष्कळ उतरावा, पण चुणींतली सावली अगदींच डांबरासारखी होऊं नये. माझ्या मतें निम्मे खोटे फोटो ह्या एका ठिकाणीं उघडे पडतात.

पांढऱ्या उपरण्याला रंगाची जातच नसते. ती फिरविणारी खुंटी कितीहि पिळा, तें पांढरेंच राहतें. त्याला 'मल्टिप्लाय' पद्धतीचा थर घालावा. पांढरें रंग घेतें आणि करडी सावली त्याच प्रमाणांत काळोखी राहते. काळ्याचें दुखणें मोठें आहे. उजेडाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात, आणि काळ्या चंद्रकळेच्या साऱ्या निऱ्या तळच्या पंधरा-वीस पायऱ्यांत दाटीवाटीनें बसलेल्या असतात. त्यांस ओढून वर आणलें तर कापडाऐवजीं रवाळ भुसा दिसूं लागतो. चंद्रकळेची अबोली करण्याच्या भरीस पडूं नये.

चमकेकडेहि लक्ष द्यावें लागतें. चिनीमातीच्या लाल बरणीवर खिडकीची जी तिरीप चमकते, ती लाल नसते; ती खिडकीच्या उजेडाच्या रंगाची असते. बरणी हिरवी केली तरी ती चमक पांढरीच ठेवावी. पितळेच्या घागरीचें तसें नाहीं. धातु आपल्या चमकेलाहि रंग देतो. म्हणून घागर स्टीलची दाखवावयाची तर तिची चमकहि पालटावी लागते. रेशमी धूपछांव वस्त्रांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा. तेथें दोन रंग निरनिराळे धरून बदलावे लागतात, आणि जर मुखवट्याबाहेर ठेवावी लागते. शिवाय फोटो मूळ प्रतीवरूनच घ्यावा. जेपेग नांवाच्या नेहमींच्या साठवणींत उजेड बिंदूबिंदूचा ठेवतात, पण रंग बहुधा चार बिंदूंना मिळून एकच. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत तर आणखी चेपलेली असते. तिच्यांत लाल काठ शेजारच्या कापडांत पाझरलेला असतो, आणि तेथें मुखवटा कितीहि निगुतीनें आंखला तरी कड धड येत नाहीं.

हें सगळें साधलें तरी एक गोष्ट राहते, आणि ती सर्वांत अवघड. स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेवलें म्हणजे स्फटिक तांबडा भासतो, हा दृष्टांत सांख्यांनीं आणि वेदान्त्यांनीं शतकानुशतकें वापरला आहे. शेजारीं राहून आपला गुण दुसऱ्यावर उमटवितो, तो उपाधि. फोटोंत प्रत्येक वस्तु अशी शेजाऱ्याची उपाधि होऊन बसलेली असते. लाल शालूची लाली चुन्याच्या भिंतीवर पडते, मांडीवरच्या मुलाच्या गालावर पडते, फरशीवर पडते. शालू हिरवा केला आणि ही लाली तशीच राहिली, तर डोळा तात्काळ ओळखतो.

एका वस्तूची ही कथा, मग डोंगराची काय सांगावी! वेल्ह्याहून काढलेल्या तोरण्याच्या एका फोटोंत कोणीं हौसेनें सगळा उतार हिरवागार केलेला माझ्या पाहण्यांत आला. फोटो वैशाखांतला. सावल्या सुरीनें कापल्यासारख्या, झाडें निष्पर्ण, हवेंत धुरळा, आणि पायथ्याच्या खाचरांत राब भाजल्याचे काळे चौकोन तसेच! वेल्ह्याकडचा कोणताहि शेतकरी पाहून हंसेल. आषाढ-श्रावणांत ऊन ढगांतून गाळून येतें, सावली मऊ पडते. ऋतु काय एका थरानें बदलतो?

आतां ज्यामुळें हा लेख लिहावासा वाटला, ती गोष्ट सांगतों. माझ्या आजीचा एकच रंगीत फोटो आमच्या घरीं आहे. १९७२ सालीं एका आप्तानें भोरच्या घरीं काढलेला. ओसरीवर बसून ती सुपांत आंबेमोहोर निवडते आहे, अंगावर आलवण. भोर संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, त्याच्या कांहीं वर्षें आधीं तिला वैधव्य आलें, आणि तेव्हांच्या आमच्या घरांत जें होई तें झालें. माझी पुतणी घराण्याच्या फोटोंचा संग्रह करते आहे. ती म्हणाली, "काका, मी पणजीचें लुगडें हिरवें करणार."

त्या काळच्या रंगीत प्रतींतील निळसर रंगद्रव्य पेटींत पडल्या पडल्या आधीं विटतें आणि सारा फोटो तांबूस होतो. म्हणून प्रथम तिनें मागची चुन्याची भिंत पांढरी धरून तो तांबूसपणा काढला. ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे. पुढचें काम तर मुलाच्या खेळाइतकें सोपें निघालें: आलवणाला काठ नाहीं, नक्षी नाहीं, जर नाहीं, आणि गडद तांबड्याचें तेज गडद हिरव्याला जवळ असल्यामुळें उजेडासहि फारसा हात लावावा लागला नाहीं. घटकेच्या आंत आजी हिरवें लुगडें नेसून बसली.

आत्याला दाखविलें. आत्या म्हणजे आजीची लेक, नव्वदीच्या घरांतली. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग बोट ठेवून म्हणाली, "इथें राहिलंय गं." हनुवटीखालीं, मनगटाच्या आंतल्या अंगाला आणि सुपांतल्या तांदळावर आलवणाची लाली तशीच होती. "आईचा चेहरा असाच लालसर दिसायचा. आम्हां पोरांना वाटायचं, चुलीनं होतो."

पुतणीनें तीहि लाली काढावयास घेतली, तेव्हां आत्या म्हणाली, "काढूं नको."

"आत्याआजी, पण तिला कुणी विचारलं होतं का, हें नेसशील का म्हणून?"

"नाहीं विचारलं. तुम्ही तरी आतां कुठें विचारतां आहां?"

पुतणीचा हेतु चांगला होता, हें मी मानतों. दुःखी माणसाला चार रंग द्यावे असें कोणाला वाटत नाहीं? परंतु हिरवें लुगडें नेसवून आजीचें कांहींच हलकें होत नाहीं. झांकलें जातें तें आमच्या घरानें केलेलें. संग्रह उघडणाऱ्या पुढच्या मुलांना एक सुखी म्हातारी तांदूळ निवडतांना दिसेल, आणि आमच्या ओसरीवर सगळें ठीकच चाललें होतें असें तीं समजतील. लग्नपत्रिकेसाठीं, किंवा वाड्याच्या दारांना कोणता रंग शोभेल हें आधीं पाहावयासाठीं, लागेल तेवढा रंग बदलावा. त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. ह्या फोटोचें तसें नाहीं. हें मीं पुतणीला सांगितलें. तिला तें पुरतें पटलें असें मला वाटत नाहीं. हिरवा फोटो तिनें पुसलेला नाहीं. तो तिच्या फोनमध्यें आहे, आणि तिथें तो असण्यास माझी हरकत नाहीं.

संग्रहांत मात्र दोनच प्रती गेल्या: एक विटलेली, पेटींतून निघाली तशी, आणि दुसरी तांबूसपणा काढलेली, आलवणासह. दुसऱ्या प्रतीच्या पाठीमागें पुतणीनें मऊ शिसपेन्सिलीनें लिहून ठेवलें आहे: फोटो १९७२ चा, विटलेला रंग भिंतीच्या चुन्यावरून सुधारला, लुगड्यास हात लावलेला नाहीं.