बंधुप्रेमाचा पाचशे रुपयांचा दस्त

बाराव्याचं जेवण उरकून मांडव उतरला, की आमच्या वाळवा-तासगावकडच्या भावांना बहिणीची फार आठवण यायला लागते. एरवी नागपंचमीला मुराळी पाठवायला ज्याला सवड होत नाही, तो गाडी घेऊन स्वतः दारात हजर. ‘अक्का, जरा तालुक्याला जाऊन येऊ. एक सही हाय फक्त.’

त्या ‘फक्त’मध्ये कधी दोन एकर ऊस असतो, कधी द्राक्षबाग, कधी मिरज रस्त्याकडेचा प्लॉट. दस्ताचं नाव हक्कसोडपत्र. नात्यातल्या अशाच एका दस्ताला मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर दस्त लिहिणारा बसलेला. मजकूर तयारच असतो, नावं आणि गट नंबर तेवढे बदलायचे. बहीण राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, कसलाही मोबदला न घेता, केवळ बंधुप्रेमापोटी हक्क सोडत आहे, वगैरे. प्रेमसुद्धा आधीच टाईप करून ठेवलेलं! बहिणीनं विचारलं, ‘किती जमीन हाय ह्यात?’ भाऊ म्हणाला, ‘तुला काय करायचंय?’ मी सही केली नाही. त्यानं काही अडलं नाही म्हणा. समोरच्या रसवंतीत गावचाच एक जण बसला होता, त्याला बोलावलं, त्यानं केली. आत फोटो, अंगठा, काम फत्ते. इंडेक्स टूवर मोबदल्याच्या रकान्यात शून्य.

आता या शून्याला सरकारनं काय भाव लावलाय तो बघा. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क बहिणीनं भावासाठी फुकट सोडला, तर मुद्रांक शुल्क होतं 200 रुपये. ऑक्टोबर 2024 पासून ते 500 झालं. तोच भाऊ बांधाशेजारच्या माणसाची जमीन विकत घेतो, तेव्हा मात्र बाजारभावावर टक्क्यानं शुल्क भरतो. परक्याची जमीन घेणं महाग, बहिणीची स्वस्त. लेकीला बेदखल करायला दिलेली ही सरकारी सवलत आहे, दुसरं काही नाही.

बरं, हा हक्क कालपरवाचा नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत लेकीला लेकाइतका वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून लागू केली, केंद्राच्या 11 वर्षं आधी. फक्त तोवर लग्न झालेल्या लेकी तिच्यातून वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद पुसला. तरी ‘बाप 2005 च्या आधी वारला’ ही पळवाट भाऊमंडळी वापरत राहिली. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीही बुजवली. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीनं किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झालेली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून आता गावोगाव ‘आमची तोंडी वाटणी तवाच झाल्याली’ अशा आठवणी जाग्या होतात. कोर्ट असल्या तोंडी वाटणीवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

कायदा इथवर आला, सातबारा आहे तिथंच. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणींची नावं ‘इतर हक्क’ रकान्यात, सोसायटीच्या बोजाच्या शेजारी. तलाठ्याचं ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं नवं बारसं झालं, उतारा मोबाईलवर आला. कितीतरी उताऱ्यांवर बहीण अजून त्याच रकान्यात पडून आहे.

भावांची एकच तक्रार खरी आहे. सगळ्यांची नावं लागली की पीककर्जाला सगळ्यांची संमती लागते, आणि पुण्या-मुंबईच्या बहिणीला दरवेळी सहीला आणायचं म्हणजे वैताग. मान्य. पण त्यावरचा उपाय वाटप करणं हा आहे, बहिणीचं नाव उडवणं नव्हे. बाकी सगळा कांगावा. ‘लग्नात हुंडा दिला, तोच तिचा वाटा.’ वा! हुंडा 1961 पासून गुन्हा आहे. म्हणजे केलेल्या गुन्ह्याची पावती दाखवून हे वाटा वळता करून घेणार. आणि यांच्या लग्नात सासऱ्यानं दिलेली बुलेट कुणाच्या वाट्यात धरली? गंमत म्हणजे रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या भूसंपादनाचे पैसे बायकोच्या माहेरी आले, की हाच गडी लेकींच्या हक्काचा कैवारी होऊन वकील गाठतो.

सगळ्यात हलकट धमकी म्हणजे ‘माहेर तुटंल’. सही केलेल्यांचं तरी कुठं टिकतं? नवऱ्यानं टाकलेली बाई दोन पोरं घेऊन परत आली, की भावजय तिला पडवी दाखवते, आणि भाऊ पेपरात डोकं घालतो. परित्यक्ता बायकांच्या हक्कासाठी कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांची स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ झगडली, ती आमच्याच जिल्ह्यात. 1943 ते 46 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं भावकीचे तंटे गावातच मिटवत होती. त्या इतिहासाच्या कमानी वेशीवर उभारणाऱ्या गावांत आजही पंच बसतात, पण बहिणीची समजूत काढायला. अन्याय करणाऱ्याच्या तळपायांवर मार देऊन ‘पत्री’ लावायची प्रतिसरकारची पद्धत मोडली, हे भावांचं नशीब.

हक्कसोड बंद करा, असं मी म्हणत नाही. राजीखुशीनं सोडणारी बाईही असते, तिला अडवणारे आपण कोण? पण ती काय सोडतेय हे तिला कळू दे. रेडी रेकनरप्रमाणे तिच्या हिश्श्याची किंमत दस्ताच्या पहिल्या पानावर आकड्यात आणि अक्षरात लिहा. नोंदणी अधिकाऱ्यानं भावाला बाहेर बसवून ती तिला वाचून दाखवावी. बाप गेल्यावर वर्षभर असा दस्त नोंदवूच नये. आणि ती 500 रुपयांची सवलत काढून टाका, खरेदीला जे शुल्क तेच इथं लावा. मग ज्याला जमीन पाहिजे तो बहिणीला पैसे मोजेल. ज्याला तेही जड जातं त्यानं मोजणी आणावी, वाटप करावं आणि तिचा सातबारा वेगळा काढून द्यावा. मोजणीची फी मी भरते.