ध्वनियोजकाची भाकरी

नाटक रंगले की दाद नटास मिळते. ध्वनियोजकाची आठवण आवाज बिघडल्यावरच होते. राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी सत्यजित राय यांच्या चित्रपटांचे ध्वनिमिश्रण केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी संस्था होती. अणशीतील तरुण आज या व्यवसायात उतरला, तर त्यास जत्रांच्या हंगामावरच विसंबावे लागेल. पावसाळ्यात तोही थांबतो. म्हणून त्याने मेहनताना लेखी ठरवावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, पावसाळ्यासाठी यंत्रदुरुस्ती शिकावी. कानही जपावेत. 85 डेसिबल आवाजात 8 तास ही तज्ज्ञांनी सुचविलेली मर्यादा. दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. उत्सव मंडळांनीही त्याचे पैसे रखडवू नयेत, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. ती बिदागी नव्हे, घामाची मजुरी आहे.