दूरच्या खुनाचे कौतुक

दिवाळी अंकात खुनाचा विषय! फराळाचे ताट पुढे असताना असले वाचावयाचे काय, असे म्हणून पान उलटणारे वाचक पुष्कळ निघतील. त्यांनी खुशाल उलटावे. परंतु त्यांच्याच घरची कर्ती मुले रात्री बारापर्यंत परदेशी गुन्हेपट पाहत बसतात आणि सकाळी चहाबरोबर त्यांची रसभरीत चर्चा करतात, हेही मला ठाऊक आहे. माझे भांडण त्या पाहण्याशी नाही. खून स्पेनमध्ये झाला तर ती कला आणि आपल्या शेजारच्या गावी झाला तर ती बदनामी, हा न्याय कोठला, एवढेच मला विचारावयाचे आहे.

'ला इस्ला मिनिमा' या स्पॅनिश चित्रपटाचे नाव आपल्याकडील जाणकार मंडळी मोठ्या आदराने घेतात. घ्यावेच. आल्बेर्तो रोद्रिगेस यांनी 2014 साली काढलेल्या या चित्रपटाला स्पेनचे मानाचे गोया पुरस्कार एक-दोन नव्हे, दहा मिळाले. कथा 1980 सालची. स्पेनच्या दक्षिणेला ग्वादल्किविर नदीच्या दलदलीत एक गाव आहे. तेथून दोन बहिणी नाहीशा होतात आणि माद्रिदहून दोन पोलीस तपासाला येतात. खुनी कोण हे मी सांगणार नाही. ते सांगणाऱ्याला आमच्याकडे पंगतीत शेजारी बसवीत नाहीत! पण खुनी कोण हा त्या चित्रपटातला सर्वांत लहान प्रश्न आहे. भातशेतीवरचे मजूर मजुरीसाठी संपावर गेले आहेत. या गावात राहून आपले काही होणार नाही हे तरुण मुलींना उमगले आहे, म्हणून शहरातल्या नोकरीच्या थापेला त्या भुलतात. हुकूमशहा फ्रँको मरून पाच वर्षे लोटली तरी त्याच्या काळची माणसे अजून खुर्च्यांवर आहेत; तपासाला आलेल्या दोघांपैकी एकाचा भूतकाळही स्वच्छ नाही. या मुली मारता आल्या त्या कशामुळे, हे त्या दलदलीच्या मातीतूनच दिग्दर्शक दाखवितो.

आता आपल्या मातीकडे या. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. त्याआधी आम्ही परभणीचेच. त्याच परभणी जिल्ह्यातल्या मानवतला 1972 ते 1974 या काळात एकामागून एक खून झाले. बळींत कोवळ्या मुली होत्या, बाया होत्या. गुप्तधनाच्या आणि संततीच्या हव्यासापायी मांत्रिकाच्या नादाने हे नरबळी दिले गेले, असा आरोप होता. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. रामन राघवचा तपास करणारे तेच हे अधिकारी. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काहींना शिक्षा झाली, काही सुटले. आणि काळ कोणता? बहात्तरचा दुष्काळ! विहिरी आटलेल्या, आयाबाया दुष्काळी कामावर खडी फोडीत आहेत, पोटात सुकडी. गरिबाच्या पोरीकडे लक्ष ठेवावयास घरी कोण असणार? आड गाव, उपाशी माणसे, पैसेवाल्यांचा दरारा, बाहेरून आलेले पोलीस: दलदलीच्या जागी भेगाळलेले काळे रान ठेवा, म्हणजे स्पेनपर्यंत जाण्याचे काही कारण उरत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे असा चित्रपट झाला कोठे? झाला, महाराज! 1981 साली झाला. मानवतच्या याच प्रकरणावर विजय तेंडुलकरांनी लिहिला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच. 'आक्रीत' त्याचे नाव. फ्रान्समधील नांतच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे स्पेनच्या तेहतीस वर्षे आधी मराठी माणसाने हे केले होते. आता स्पॅनिश चित्रपटावर तासभर बोलणाऱ्या कोणाही सद्गृहस्थाला विचारून पाहा, 'आक्रीत' पाहिलात का? उत्तर मिळेल, 'छे हो, ते नरबळीचे ना? घरात मुलेबाळे असतात.' अहो, स्पेनचा चित्रपट लावता तेव्हा मुलेबाळे काय आजोळी जातात?

2024 साली याच प्रकरणावर मालिका निघाली, तेव्हा मानवतचे नाव पुन्हा घरोघर ऐकू आले. तिचा आधार कुलकर्णी साहेबांच्या आठवणींचा, तेव्हा तपास मध्यभागी येणार हे ओघानेच आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हुशार अधिकारी सर्वांनाच आवडतो, मलाही. पण त्याच्या हुशारीचे कौतुक करताना मेलेल्या मुलींची केवळ गिनती उरते. एवढ्या मुली जाईपर्यंत गाव गप्प का राहिले, हे अधिकारी सांगू शकत नाही. ते काम कादंबरीकाराचे. मराठवाड्याच्या लेखकांनी दुष्काळावर रकानेच्या रकाने लिहिले, सावकारावर लिहिले. मात्र दुष्काळाच्या अंधारात मांत्रिकाचे दुकान कसे चालते, या प्रश्नाशी आले की लेखण्या अडखळतात. गुन्ह्याची कथा म्हणजे हलके वाङ्मय, ही आपल्या समीक्षकांनी घालून दिलेली शिवाशिव त्याच्या मुळाशी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, अवघ्या महाराष्ट्राला वाचावयाची गोडी लावली. वाङ्मयाच्या पंगतीत त्यांचे पान मांडताना मात्र सर्वांचे हात आखडले.

राहता राहिला बदनामीचा मुद्दा. 'असले दाखविल्याने मराठवाड्याचे नाव खराब होते,' असे आमच्याच गावातले शहाणे मला ऐकवितात. वर 'मास्तर असून असले पाहता!' हा आहेरही देतात. चित्रपटामुळे दक्षिण स्पेनचे नाव खराब झाल्याचे मी तरी ऐकले नाही. बरे, गप्प बसून आम्ही मिळविले काय? नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला 2013 साली, मानवतनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. आणि त्यासाठी आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात भरदिवसा खून व्हावा लागला. त्या चाळीस वर्षांत मानवतचे नाव काढले की आमच्याकडे विषय बदलला जात असे.