ख्रिस्ती मास्तर व सरकारी शाळा

अमेरिकेंतील सरकारी शाळेंत ख्रिस्ती मास्तरानें आपला धर्म कसा पाळावा, हा तंटा जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी शिक्षणमंडळानें रचलेली प्रार्थना शाळेंत म्हणविणें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं घटनाबाह्य ठरविलें; मुलांस गप्प राहण्याची मुभा होती, तरीहि! पुढें २०२२ सालीं, सामन्यानंतर मैदानांत गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका फुटबॉल शिक्षकाच्या बाजूनें त्याच न्यायालयानें निकाल दिला. तिघां न्यायाधीशांनीं विरुद्ध मत नोंदविलें. आम्हांस त्या तिघांचें पटतें. संघांतील जागा ज्याच्या हातीं, तो गुडघे टेकीत असतां पोर उभें कसें राहणार?

मास्तरानें घरीं व चर्चांत हवी तितकी प्रार्थना करावी. येशू तर स्वतः सुतार. त्याचा शिष्य मागच्या बाकावरील फाटक्या सदऱ्याच्या पोरास जवळ घेऊन गणित शिकवितो कीं नाहीं, तेवढें आम्ही पाहूं.

शेतकरी-कारागीर बंधूंनो, हेंच माप आपल्या शाळांसहि लावा. सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण देऊं नये, असें आपल्या घटनेचें २८ वें कलम सांगतें. तो पैसा तुमच्या करांतूनच येतो. गुरुजी कोणत्याहि देवाचे असोत, पोरास हात जोडावयास लावीत असतील, तर शाळेंत जाऊन विचारा.